शिंप्याचा खडक

नावं ठेवण्यात त्या बेटावरच्या माणसांचा हात धरणारं कुणी नव्हतं. माणसांना तर ती ठेवायचीच, पण दगडांनाही सोडायची नाहीत. उत्तरेच्या टोकाला एक शेवाळलेला उतार होता, त्याचं नाव 'पाद्र्याची घसरगुंडी'. कुठल्याशा जुन्या काळी एक गलेलठ्ठ पाद्री तिथून थेट समुद्रात गेला आणि टोपी तेवढी वर राहिली. एक सुळका होता, तो 'बोकडाचा हट्ट'. एक बारकीशी खाडी होती, ती 'जावयाची झोप', कारण कुणाचा तरी जावई भांडून निघाला, होडीतच झोपी गेला, आणि भरतीनं त्याला पहाटे पुन्हा सासरच्या दारात आणून सोडला. माणूस मरायचा, त्याची फजिती मात्र बेटाच्या काठावर कायमची बसायची.

ह्या नावांना कुठे पाटी नव्हती. मोठ्या नकाशावर सगळं बेटच माशी बसल्यासारखा एक ठिपका होतं, तिथे बोकडाला कोण विचारतो! म्हणून नकाशा कचेरीनं एक बाई धाडली. चर्चच्या हद्दीतला प्रत्येक खडक, खाडी, गुहा, झरा, सगळ्याची नावं गोळा करून नवा नकाशा छापायचा होता. तिला राहायला जागा मिळाली ती नावाड्याच्या घरी, कारण बेटावर खानावळ नव्हती आणि नावाड्याची बायको पोस्ट सांभाळायची, त्यामुळे त्यांच्या घराला एक खोली जास्तीची होती. किनाऱ्यानं फिरायला होडी हवी, तीही नावाड्याचीच. नावाडी खूश झाला. साठी ओलांडलेला माणूस, पण कुणी आपलं ऐकून लिहून घेतंय म्हटल्यावर लहान पोरासारखा फुलला.

नकाशेवालीची कामाची रीत तिनं पहिल्याच सकाळी न्याहारीला सांगून टाकली.

"काका, मी काही सुचवत नाही. जागा दाखवायची आणि विचारायचं, हिला काय म्हणता. तीन वेगवेगळ्या घरांनी एकच नाव सांगितलं, की ते पक्कं. एकाच जागेची दोन नावं निघाली, तर आज लोकांच्या तोंडी जे जास्त ते वर, आणि दुसरं त्याच्याखाली राखीव. शेवटी सगळं चर्चच्या हॉलमध्ये वाचायचं. एकानं जरी हात वर केला, तरी वरचं नाव बाद आणि राखीव नाव छापायचं."

"एकानं जरी?" नावाड्याच्या बायकोनं विचारलं.

"एकानं जरी. आपल्या दाराशी काय छापलं जातंय त्याला नाही म्हणायचा हक्क प्रत्येकाला आहे."

"बघा बाई, इथे हरकती घ्यायची लोकांना फार हौस," असं म्हणून नावाड्यानं पावाचा शेवटचा तुकडा तोंडात टाकला आणि दोघं निघाली.

सकाळ मजेत गेली. नकाशेवालीला होडी लागायची, ती दोनदा काठावरून वाकून मोकळी झाली, पण पेन्सिल काही खाली ठेवली नाही. नावाडी एका हातानं वल्हं मारत दुसऱ्यानं दाखवत होता. इथे अमुक आपटला, तिथे तमक्यानं जाळं सोडलं ते अजून सापडायचंय. बाई हसून हसून लिहीत होती. मग पश्चिमेची बाजू आली, आणि नावाड्यानं काही न बोलता होडीचं नाक बाहेर, खोल समुद्राकडे वळवलं.

"काका, बाहेर का निघालो?"

"इथे पाणी वाईट आहे. ओढ आहे खालून."

बाईनं काठावरून वाकून पाणी पाहिलं. ते आरशासारखं पडून होतं. पलीकडे किनाऱ्याला लागून एक रुंद, बसका खडक होता, आणि त्याच्यावर चढणीला एक बंद पडलेलं घर. ते नावाड्याच्या बायकोचं माहेर.

"आणि त्या खडकाला काय म्हणतात?"

"कशाला काय म्हणणार? सपाट खडक." नावाडी तिच्याकडे न बघता बोलला. "सपाट आहे म्हणून सपाट खडक."

बोकडाला, जावयाला, पाद्र्याला न सोडणाऱ्या बेटावर एका खडकाला नुसतं सपाट म्हणतात, हे त्या बाईला पटलं असेल का? तिनं लिहिलं, आणि पुढे एक लहानसं प्रश्नचिन्ह काढलं. नावाड्यानं ते पाहिलं आणि वल्हं जोरात मारायला लागला.

आता खरं काय ते सांगायला हवं. त्या खडकाचं नाव होतं 'शिंप्याचा खडक'. नावाडी तरणाबांड होता तेव्हा मुख्य भूमीवरून एक शिंपी आला होता. चर्चच्या गायकांचे झगे शिवायला म्हणून आला, मग शिडं शिवली, मग पडदे शिवले, आणि दोन उन्हाळे राहिला. काम संपलं की रोज संध्याकाळी गळ्यात टेप तशीच ठेवून त्या खडकावर जाऊन बसायचा. वर घरात एक मुलगी होती. शिंपी तिची वाट बघतोय हे अख्ख्या बेटाला दिसत होतं. तिच्या बापाला दिसत होतं, आणि रोज संध्याकाळी होडी धुवायच्या निमित्तानं तिथे घोटाळणाऱ्या नावाड्यालाही दिसत होतं. ती कधी खाली उतरून गेली का? ते मात्र कुणी पाहिलं नव्हतं. पुढे तिचं लग्न नावाड्याशी ठरलं, आणि लग्नाचा कोट शिवला कोणी? त्याच शिंप्यानं. आजूबाजूला दुसरा शिंपी होताच कुठे! नावाड्यानं त्या कोटात खोट काढायची लाख खटपट केली. खांदा बघितला, बगल बघितली, आरशासमोर उलटासुलटा झाला. मेल्यानं एक टाका वाकडा घातला असेल तर शपथ.

लग्नानंतर आठवड्याभरात शिंपी बेट सोडून गेला, आणि त्याला पैलतीरी सोडायला होडी होती ती ह्याचीच. वाटेत दोघं एक शब्द बोलले नाहीत. उतरताना शिंपी त्याच्याकडे बघून हसला. झालं! तेवढ्या हसण्यावर नावाड्यानं उभा जन्म काढला. तो हसला कशाला? हरलेला माणूस हसतो का? त्याला काही तरी मिळालं होतं म्हणूनच हसला ना? बायकोला विचारावं तर जीभ उचलायची नाही. तिनं 'नाही' म्हटलं तर ते खरं कशावरून, आणि 'हो' म्हटलं तर मग करायचं काय?

म्हणून त्यानं विचारलं नाही. नुसता जळत राहिला. टपालाची पिशवी त्याच्याच होडीतून यायची. त्यातलं एकूण एक पाकीट तो उलटसुलट करून अक्षर बघायचा. शिंप्याचं पत्र कधीच आलं नाही. दुसरा कुणी असता तर निश्चिंत झाला असता. ह्याला वाटायचं, इथून येत नाही म्हणजे दुसरीकडून कुठून तरी येत असणार. आणि त्या खडकाखालून होडी न्यायची म्हटलं की त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा, म्हणून बारा महिने लांबून वळसा. कुणी विचारलं तर, पाणी वाईट आहे.

हळूहळू वर्षं गेली, म्हातारी माणसं कमी झाली, तरण्यांना शिंपी ठाऊकच नव्हता. नाव आपोआप विझत चाललं होतं. आणि आता ही सरकारी बाई त्यावर फुंकर घालायला आली होती. एकदा छापलं की संपलं. परक्या देशांचे खलाशी बोट ठेवून वाचणार, शाळेत पोरं पाठ करणार, आणि बायकोच्या माहेराच्या पायाशी तो टेपवाला कायमचा बसून राहणार.

दुसऱ्या दिवशी बाई वरच्या अंगाचे झरे बघायला गेली, तशी नावाड्यानं थोरल्या बहिणीचं घर गाठलं. आक्काच्या खिडकीतून तो खडक ताटात वाढल्यासारखा दिसायचा.

"आक्का, ती नकाशेवाली आली होती का?"

"आली होती की. गुणाची पोर आहे. माझा गुडघा कसा आहे तेही विचारलंन. तुला आठवतो माझा गुडघा?"

"गुडघा राहू दे. तिनं खडकाचं विचारलं?"

"विचारलं. मी सांगितलं, शिंप्याचा खडक."

"अगं पण कशाला सांगितलंस?"

"विचारलं म्हणून! त्यात तुझ्या बापाचं काय गेलं?"

"माझा बाप तो तुझाही बाप."

"म्हणूनच म्हणते, त्याचं काही गेलं नाही." आक्कानं चष्मा वर करून त्याच्याकडे पाहिलं आणि तिच्या एकदम लक्षात आलं. "अरे देवा. तुला अजून ते डाचतंय? केस पिकले, दात पडले, आणि हा अजून शिंप्यावर जळतोय! सुंभ जळाला तरी पीळ जाईना."

"मी कुणावर जळत नाही. नाव चुकीचं आहे, एवढंच."

"दुकानदारानंही तेच सांगितलंय तिला. पाद्रीबाबांनी पण. मला तीच म्हणाली, तुम्ही तिसऱ्या."

म्हणजे तीन घरं झाली. नावाड्यानं बोटांवर मोजून पाहिलं. मग त्याला बाईचं बोलणं आठवलं. आज लोकांच्या तोंडी जे जास्त ते वर! म्हणजे अजून वाट होती. सगळ्या बेटानं 'सपाट खडक' म्हणायला लागायचं, की शिंपी आपोआप खाली.

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे त्याला कुणी सांगायला हवं होतं. पण मत्सरानं पछाडलेल्या माणसाला सांगतो कोण, आणि ऐकतो कोण! त्यानं घरोघर फिरायला सुरुवात केली. कुणाला ताजी मासळी नेऊन दे, कुणाची पार्सलं खांद्यावर घालून थेट स्वयंपाकघरात पोचव, आणि निघता निघता दारात रेंगाळून म्हण, "ती बाई विचारेल हो त्या पश्चिमेच्या खडकाचं. तर सपाट खडक म्हणायचं. दुसरं काही म्हणायचं नाही."

"दुसरं काय म्हणणार?" घरातली सून विचारायची. तिला बिचारीला काही ठाऊक नसायचं.

"काहीही. म्हणजे शिंप्याचं वगैरे."

"कोण शिंपी?"

"कुणी नाही! शिंपी नव्हताच!"

आता असं म्हटल्यावर कुठली सून गप्प बसेल? नावाडी फाटकाबाहेर पडायच्या आत ती सासूकडे, आणि सासू, जी इतकी वर्षं विसरून गेली होती, ती पदर खोचून सांगायला बसायची. संध्याकाळपर्यंत शाळकरी पोरींनाही शिंप्याच्या गळ्यातली टेप किती लांब होती ते पाठ झालं. नावाडी घरोघर आग विझवत फिरला आणि प्रत्येक घरात निखारा ठेवून आला.

दुकानात तर कहरच झाला. संध्याकाळी पाचसहा माणसं काउंटरला टेकून उभी असायची. नावाडी आत शिरला, तशी ती एकदम गप्प झाली. दुकानदार तराजू पुसत म्हणाला, "काय नावाडीबुवा, पाणी कसं आहे आज पश्चिमेला?"

"वाईट आहे."

"हो ना. ऐकतोय लग्न झाल्यापासून."

मागे कुणी तरी फिस्सकन हसलं. नावाड्यानं मिठाची पिशवी उचलली आणि तरातरा बाहेर पडला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ह्याच्या मनात तर भर दुपार झाली होती.

घरी बायको पोस्टाच्या खिडकीशी बसून तिकिटांचे ताव वेगळे करत होती. ती मान वर न करता म्हणाली, "आलात? सूप गरम आहे." तिला कळलं असेल का? तिच्या चेहऱ्यावरून काही कळायचं नाही, हीच तर सगळी रड. त्यानं जेवताना तिच्याकडे चोरून पाहिलं. अजूनही बाई नजरेत भरेल अशी होती. पिकलेले केस नीट मागे बांधलेले, मनगटावर शिक्क्याच्या शाईचा डाग. ह्या चेहऱ्याकडे तो शिंपी खालून, खडकावरून बघायचा. नावाड्यानं सूपची वाटी बाजूला सारली.

नकाशेवालीनं पाव मोडत सहज विचारलं, "काकू, तुम्ही काही नावं सांगितलीच नाहीत मला."

"किनाऱ्याचं ह्यांना विचारा बाई. मी कुठे पाण्यात जाते!" एवढं बोलून बायको उठली आणि भांडं आणायला आत गेली.

नावाडी सगळी रात्र त्या वाक्याचा कीस काढत पडला. पाण्यात जात नाही म्हणाली. खडकावर जात नव्हते, असं कुठे म्हणाली?

दोनतीन दिवसांत त्याला एक चमत्कारिक गोष्ट जाणवायला लागली. लोक 'शिंप्याचा खडक' म्हणत नव्हते. त्याच्यासमोर नाहीत, पण त्याच्या पाठीमागेही नाहीत. त्यानं भिंतीआडून कान देऊन पाहिलं होतं. हां, म्हणजे आपली मेहनत फळाला आली म्हणायची! धक्क्यावर जाळेवाले बोलत होते, "रुसव्यापाशी आज बरी लागली मासळी." दुसरा म्हणाला, "रुसव्यापाशी बरीच असणार, तिथे कोण होडी घालतो!" आणि दोघं एकमेकांना ढोसून हसले. नावाड्याला वाटलं, असेल कुठली तरी नवी जागा. रोज नवी नावं काढायची ह्यांना खोडच आहे. तोही बरोबरीनं हसला. तो हसला तसे ते दोघे जास्तच हसले.

वाचनाच्या आदल्या दिवशी जेवणाच्या टेबलावर नकाशेवालीनं आपले कागद बाजूला सारले.

"काका, एक जागा राहिली बघा. तुम्ही फेरीत दाखवली नाहीत. पण ह्या दोन दिवसांत ज्या ज्या घरी गेले तिथे हीच सांगतात."

"कुठली जागा?"

"नावाड्याचा रुसवा."

बायकोच्या हातातला डाव भांड्यावर तसाच राहिला. नावाड्याच्या डोक्यात लख्ख झालं. पश्चिम. मासळी. तिथे कोण होडी घालतो. त्याचे कान लाल झाले, मग मान, मग टकलापर्यंत सगळा.

"मला वाटलं दुसरा कुणी नावाडी असेल, जुना," बाई ओशाळून म्हणाली. ती खरंच ओशाळली होती. "मी सुचवलं नाही हो काही. मी सुचवत नाही."

"बेटावर नावाडी एकच आहे," बायको म्हणाली. तिनं सूप वाढलं, सगळ्यांना सारखं, आणि जेवण होईपर्यंत पुन्हा तोंड उघडलं नाही. निजायला जाताना तेवढं म्हणाली, "उद्या निळा शर्ट घाला. इस्त्री केलाय." तिनं भांडी आपटली असती, आकांडतांडव केलं असतं, तर नावाड्याला बरं वाटलं असतं.

रविवारी प्रार्थना आटोपून सगळं बेट शेजारच्या हॉलमध्ये लोटलं. लाकडी खुर्च्या पुरल्या नाहीत, तशी पोरंटोरं खिडक्यांत चढली. पाद्रीबाबांनी दोन शब्द बोलतो म्हणून पंधरा मिनिटं घेतली. मग नकाशेवाली उत्तरेच्या टोकापासून वाचायला लागली. नाव वाचायचं, थांबायचं, "हरकत?" विचारायचं. 'पाद्र्याची घसरगुंडी' आली तेव्हा पाद्रीबाबांनी हात वर करतो असं दाखवून कान खाजवला आणि हॉल खदखदला. 'बोकडाचा हट्ट', 'जावयाची झोप', एकामागून एक मंजूर होत गेली. नावाडी बायकोशेजारी निळ्या शर्टात बसला होता. बेटाला वळसा घालत ती नावं जवळ जवळ येताना त्याला ऐकू येत होती. होडीत बसलेल्या माणसाला समोरचा खडक दिसावा आणि हातात वल्हं नसावं, तसं त्याचं झालं होतं.

"नावाड्याचा रुसवा," बाईनं वाचलं. खिडक्यांतली पोरं पुढे वाकली. "राखीव नाव, शिंप्याचा खडक. हरकत?"

नावाडी उभा राहिला. "बाई, मी हरकत घेतली तर?"

"तर हे नाव बाद, काका. राखीव नाव छापलं जाईल."

"आणि सपाट खडक?"

बाईनं कागद चाळला. तिला वाईट वाटत होतं हे तिच्या आवाजातच कळलं. "त्याला साक्ष एकच आहे. तुमची."

एवढी मासळी वाटली, एवढी पार्सलं वाहिली, आणि एका माणसानं म्हणून सपाट खडक म्हटलं नव्हतं! नावाड्यानं हॉलभर नजर फिरवली. कुणी छताकडे बघत होतं, कुणी बुटांकडे. आक्का तेवढी सरळ त्याच्याकडे बघत होती आणि हातानं 'बस खाली' म्हणत होती. त्याचा उजवा हात अर्धा वर गेला. हात पुरा वर गेला की आपली फजिती पुसली जाणार. नातवंडं विचारणार नाहीत, परके खलाशी हसणार नाहीत. फक्त तो खडकावर बसेल, गळ्यात टेप घालून, हिच्या खिडकीखाली. छापील. कायमचा.

त्यानं बायकोकडे पाहिलं. ती समोर बघत होती.

नाही. हसू देत. सगळं जग हसलं तरी चालेल, पण त्याला तिथे बसू देणार नाही. नावाड्यानं हात खाली घेतला आणि तो बसला.

"मंजूर," बाई म्हणाली, आणि अशा टाळ्या पडल्या की खिडकीतलं एक पोर खाली पडलं.

घरी जाताना दोघं चढणीच्या रस्त्यानं चालली होती. लोक मुद्दाम मागे राहिले होते. पोस्टाच्या फाटकाशी आल्यावर बायकोनं विचारलं, "हात का नाही वर केलात?"

"तुला ठाऊक आहे."

"मला काही ठाऊक नाही. तुम्ही कधी सांगितलंयत का काही? बोला आता."

"तुझ्या माहेराखाली त्याचं नाव छापून आलेलं मला बघवलं नसतं," नावाडी म्हणाला. आणि एकदा बांध फुटल्यावर थांबेना. "तो रोज तुझ्यासाठी बसायचा. मी होडी धूत उभा असायचो, मला दिसायचं. जाताना हसला माझ्याकडे बघून. तेव्हापासून जळतोय मी. बास, झालं? सांगितलं."

बायकोनं फाटकाच्या कडीवर हात ठेवला, पण कडी काढली नाही.

"मला वाटायचं तिथलं पाणी खरंच वाईट आहे," ती म्हणाली. "लोक हसायचे, तेव्हा मी तुमच्या बाजूनं भांडायचे. ह्यांना समुद्र कळतो, तुम्हाला काय कळतंय, म्हणून. पाकिटं उलटसुलट करून बघता ते मात्र दिसायचं. म्हटलं, आज ना उद्या तोंड उघडतील. आज विचारतील, उद्या विचारतील. तो शिंपी दोन उन्हाळे बसला तर त्याच्या नावाचा खडक झाला. मी तुमच्या एका प्रश्नासाठी लग्न झाल्यापासून बसलेय, माझ्या नावाचा दगड कुठाय? तिथे आधी शिंपी होता, आता तुम्ही आहात. दोघांत मी कुठे आहे?"

नावाड्यानं मान खाली घातली. त्याला लाज वाटली, खरीच वाटली. पण जळणारं माणूस लाजेतही जळतंच. एवढं सगळं ऐकूनही त्याच्या कानांत एकच गोष्ट राहिली होती. ती 'उद्या विचारतील' म्हणाली होती, म्हणजे विचारायला हरकत नव्हती. त्यानं घसा खाकरला.

"मग आता विचारतो. तू गेली होतीस का त्या खडकावर?"

बायकोला हसू आलं, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"आता? सगळ्या बेटाला विचारून झाल्यावर, शेवटी मला?" तिनं कडी काढली. "नाही सांगणार. नकाशेवालीकडे जा. तीन साक्षी मिळाल्या, तर ती लिहून देईल."

ती आत गेली. नावाडी फाटकाशीच उभा राहिला. तीन साक्षी तो आणणार कुठून? त्या गोष्टीला साक्षी मुळात दोघंच. त्यातला एक कुठे होता देवाला ठाऊक, आणि दुसरी आत जाऊन शेगडीवर पाणी ठेवत होती.